नंदाचा पाय बसवायला सुरतेला

सुरतेला लोक कापड घ्यायला जातात. मी धाकट्या बहिणीचा पाय बसवून घ्यायला गेले. परत येऊन आता बरेच दिवस झाले, तरी कुणी विचारलं की सुरत कशी आहे, तर मला आधी एका पडद्यावरचे रंग आठवतात. निळा, हिरवा, पिवळा, लाल. शहर त्यानंतर आठवतं.

ज्यांना अशा कामासाठी जावं लागेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांना लागणार नाही त्यांनीही वाचावं. आमच्या नंदालाही कधी वाटलं नव्हतं.

उधना

मी अमळनेरला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. धान्य, दिवे, आजारी मुली, नळाची गळती, सगळ्याच्या याद्या करणं हे माझं रोजचं काम. निघतानाही याद्या केल्या होत्या: नंदाचे जुने कागद, साखरेच्या गोळ्या, मऊ सुती मोजे, हातातला आरसा, भाकरीसाठी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ, शेव. शेव यासाठी, की सुरतेत शेव ढिगानं मिळते, पण आपल्या भाजीत टिकेल अशी तिखट शेव मिळत नाही, असं नंदाचं म्हणणं.

उधन्याला उतरले तेव्हा सुभाषराव, म्हणजे नंदाचे यजमान, रात्रपाळी करून तसेच स्टेशनवर आले होते. केसांत कापसाची बारीक लव. ते मागावर काम करतात, त्यामुळे इतरांपेक्षा मोठ्यानं बोलतात. सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "ताई, बरं झायं तुम्ही उन्यात. ती कोनाचं ऐकस नही!"

आम्ही घरात अहिराणीच बोलतो. इथं त्यांचं बोलणं जसं होतं तसंच ठेवते.

नंदाची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. ती गोडादऱ्यात घरी बसून साड्यांना टिकल्या आणि खडे लावायची. एकदा सुई जमिनीवर पडली आणि तिच्या तळव्यात शिरली. तिला मधुमेह. पायाची जाणीव कधी कमी झाली हे तिलाही कळलं नव्हतं. सुई आत, आणि ही बाई तिच्यावर उभी राहून भाकरी थापतेय. कळलं तेव्हा पाय काळा पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मग एका शिबिरात कृत्रिम पाय मिळाला. प्लॅस्टर गुंडाळून साचा घेतला, एका दुपारी पाय हातात. तो थोडा सैल होता, नंदा आत चिंध्या भरून वापरत राहिली. एक दिवस मोजा काढला तर रक्त. पुन्हा जखम, पुन्हा ड्रेसिंग, पुन्हा महिनेच्या महिने कुबड्या. त्या वेळी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी तिला नाही, मला बाहेर बोलावून सांगितलं, "या वेळी वाचला. पुन्हा अशी जखम झाली तर गुडघाही जाईल. गुडघा गेला की चालणं फार अवघड होतं."

नंदाची खोली पहिल्या मजल्यावर आहे. लोखंडी जिना, अरुंद, उभा. तेव्हापासून मला तो जिना डोळ्यांसमोर दिसायचा.

टिकल्या

कृत्रिम हातपाय बसवणारं केंद्र रिंग रोडच्या पलीकडे, एका ट्रस्टचं. सुभाषरावांच्या कारखान्यातल्या कुणाच्या तरी काकांचा हात तिथं झाला होता, त्यावरून कळलं. फोनवर तिथल्या मुलीनं हिंदीत सांगितलं होतं की प्लॅस्टर वगैरे काही नाही, कॉम्प्युटरवर माप घेऊ. मधुमेहाचे कागद आणा आणि रोजचीच चप्पल किंवा बूट घालून या.

हे मी सुभाषरावांना सांगितलं. त्यांनी त्याच संध्याकाळी पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज आणले. नंदाच्या डाव्या पायात तोपर्यंत एक जुनी, टाचेकडे झिजलेली रबरी चप्पल होती. ती घालून एवढ्या मोठ्या ठिकाणी जायचं? दवाखान्यात जाताना माणूस ठेवणीतलं नेसतो. आमच्याकडे आजारी माणसालाही निघताना इस्त्रीचा शर्ट घालतात. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. "आतेपाइन हाईच रोजना," म्हणजे आतापासून हेच रोजचे, असं म्हणून सुभाषरावांनी खोका उघडला आणि विषय मिटला.

जाताना रिक्षा मिळायला त्रास झाला. संक्रांत जवळ आलेली, रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये दोरा ताणून त्याला गुलाबी रंग चढवायचं काम चाललेलं. आपल्याकडे मांजा दुकानातून आणतात. इथं रस्ताच त्याचं दुकान. बघायला सुंदर, पण तुटलेला एक तुकडा नंदाच्या कुबडीला गुंडाळला गेला आणि ती तोल जाऊन माझ्या अंगावर आली. दोरा सोडवताना माझं बोट कापलं. मी तिचा डावा पाय आधी तपासला, मग माझं बोट.

"ताई, मना पाय शे तो, बाळ नही," ती म्हणाली.

"बाळ राहतं तर रडनं तरी असतं," मी म्हटलं. "तुना पाय रडत बी नही."

आमच्या सगळ्या काळजीचं मूळ हेच होतं.

केंद्रात हेतलबेन भेटल्या. पाय बसवणाऱ्या तज्ज्ञ, वय तिशीच्या पुढे, केस घट्ट बांधलेले, चालणं वेगानं. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलत. त्यांनी नंदाच्या उरलेल्या पायाला हातानं चाचपलं, मग त्यावर छोटे पांढरे ठिपके चिकटवायला सुरुवात केली.

नंदा हसायला लागली. "देख ना ताई. मी साडीले टिकल्या लावस, हाई बाई मना पायले लाई राहिनी."

हेतलबेननी काय म्हणून विचारलं. मी हिंदीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "तो फिर आप देखो, सीधी लाइन में लगाए हैं कि नहीं?"

"नही," नंदानं ताबडतोब सांगितलं. "ही वाकडी शे."

ठिपके सरळ नसले तरी चालतं म्हणे. कपड्याच्या इस्त्रीएवढं एक यंत्र हातात धरून हेतलबेन पायाभोवती फिरल्या. त्यातून उजेडाच्या रेघा पडत होत्या. स्पर्शही नाही. पडद्यावर नंदाचा पाय हळूहळू उमटला, आधी एक बाजू, मग दुसरी, आणि मग तो फिरायला लागला, वरून, खालून, मागून. जुन्या जखमेची खूणही दिसत होती. नंदानं स्वतःचा पाय मागच्या बाजूनं पहिल्यांदा पाहिला.

मग हेतलबेननी पडद्यावर तो पाय कुठं दाबला, कुठं फुगवला. हाड जिथं वर आहे तिथं जागा सोडायची, मांस जिथं जास्त आहे तिथं थोडं दाबायचं. पूर्वी हे काम प्लॅस्टरवर कानस मारून हातानं व्हायचं. आता चूक झाली तर एक पाऊल मागे येता येतं, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "और गलत हुआ तो?"

"इसलिए तो ट्रायल करेंगे ना, बेन."

ट्रायल हा शब्द मला आवडला नाही. जिची ट्रायल घ्यायची ती वस्तू माझी बहीण होती.

पोंक

साचा छापून निघायला वेळ लागणार होता. सुभाषरावांना यंत्र बघायचं होतं. काचेच्या पेटीत एक तोंड इकडून तिकडे फिरत होतं आणि त्यातून तारेसारखं वितळलेलं प्लॅस्टिक थरावर थर पडत होतं. माणूस बघता बघता झोपेल इतकं सावकाश. सुभाषराव झोपले नाहीत. ते वाकून बघत राहिले आणि मग मोठ्यानं म्हणाले, "ताई, हाई ते एम्ब्रॉयडरीनं मशीन शे! तठे डिझाइन पंच करतस, आठे पाय पंच कया!"

सगळं प्रतीक्षालय आमच्याकडे बघायला लागलं.

तोवर आम्ही तापीच्या काठी गेलो. हिवाळ्यात तिथं पोंक मिळतो. म्हणजे आपला हुरडाच, ज्वारीचा, कोवळा, हिरवागार. पण आपण शेतावर शेकोटीभोवती बसून, हात भाजून, चटणीबरोबर खातो. इथं तो स्वच्छ पाखडून विकायला ठेवतात आणि त्यावर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेचे पांढरे दाणे देतात. चव चांगली. पण हुरड्याबरोबर धूर डोळ्यांत गेला नाही तर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. नंदानं साखरेच्या दाण्यांकडे हात नेला आणि मी तो पुडा माझ्या पिशवीत टाकला.

"तू वसतिगृहमा बी असंच करस का?"

"तठल्या पोरी ऐकतस."

रंग

दुसऱ्या दिवशी काचेसारखा पारदर्शक साचा तयार होता. त्यातून नंदाची कातडी दिसत होती. खाली धातूची नळी, त्याखाली रबरी पाऊल, पावलावर नवा पांढरा बूट. साच्याच्या आत हेतलबेननी कागदासारख्या पातळ पट्ट्या बसवल्या होत्या; त्या किती दाब पडतो ते मोजतात. त्यांची छोटी डबी नंदाच्या कमरेला अडकवली. वायर नाही. ती चालेल तसे टॅबवर रंग दिसणार. निळा म्हणजे दाब नाही, हिरवा बरा, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे थांबा.

नंदा दोन कठड्यांमध्ये उभी राहिली. पदर खोचला आणि चालली.

बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या थोडं खाली, लगेच एक लाल ठिपका उमटला.

"नंदाबेन, अहीं दुखे छे?"

"नही दुखस."

"सच बोलो."

"नथी दुखतुं!" नंदानं त्यांच्याच भाषेत सांगितलं.

मी चिडले. मला वाटलं, पाय मिळणार नाही या भीतीनं ती लपवतेय. "नंदा, खरं सांग. आठे लाजानं काम नही."

"ताई, तुनी आन. मले काहीच व्हस नही."

हेतलबेननी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, ती खोटं बोलत नाही. तिथल्या नसा तिला सांगतच नाहीत. "इनका पाँव जो नहीं बोल सकता, वो ये स्क्रीन बोलती है." मग त्यांनी साचा काढला, हवेनं गरम करून ती जागा आतून किंचित बाहेर ढकलली, थंड केला, पुन्हा घातला. खाली नळीतले स्क्रू किल्लीनं थोडे फिरवले. पुन्हा चाल. पिवळा. पुन्हा काढला, पुन्हा घातला. हिरवा. मग सपाट जमिनीवर, उतारावर, खोट्या पायऱ्यांवर. सगळीकडे हिरवा.

हिरवा रंग मी शेतातसुद्धा एवढ्या आनंदानं पाहिला नव्हता.

साच्याभोवती मजबूत पट्टी गुंडाळून हेतलबेननी तो काही दिवस घरी वापरायला दिला. बरं चाललं तर त्याच मापाचा पक्का पाय होणार. जाताना त्यांनी मला शिकवलं: पाय काढला की कातडी बघायची, मागची बाजू आरशात बघायची. लाली दिसली आणि चहा उकळेपर्यंत गेली तर ठीक. राहिली तर पाय घालायचा नाही, फोन करायचा.

गोडादरा

नंदाच्या गल्लीत खालच्या मजल्यावर माग आहेत. दिवसभर खटखट. पहिल्या दिवशी त्यानं माझं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी वीज गेली आणि माग थांबले तेव्हा मी दचकले. एकच खोली, कोपऱ्यात ओटा, ओट्याशेजारी भिंतीवर देवाची फळी, समोर पलंग. म्हणजे स्वयंपाकघर, देवघर आणि बैठक तेच.

नंदा कुबड्यांशिवाय जिना चढून वर आली. शेजारच्या रत्नाबाई दारात उभ्याच होत्या. त्यांनी पायावरून पाणी ओवाळून टाकलं आणि नंदानं दाराशी बसून बूट काढले, दोन्ही. हे कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

ती आत गेली, देवाला नमस्कार केला, मग ओट्याशी उभी राहिली. मी शेवभाजीचा मसाला भाजला, तिनं कळण्याच्या भाकरी थापल्या. कितीतरी दिवसांनी ती उभी राहून भाकरी करत होती. मध्ये मध्ये ती मागे झुकायची, ओट्याला धरायची.

"थकनी का?"

"नही. पाय मांगे वढस, बस."

नवीन आहे, सवय होईल, असं मला वाटलं. असं वाटणं मी वसतिगृहातल्या कुठल्याही मुलीच्या बाबतीत खपवून घेतलं नसतं.

जेवणं झाल्यावर तिनं पाय काढला. पुढून सगळं ठीक. मग आरसा धरला. मागे, टोकाच्या थोडं वर, रुपयाएवढा लाल डाग.

मी चहा ठेवला. उकळला. डाग तसाच. चहा खाली उतरवला, गाळला, सुभाषरावांना दिला. डाग तसाच. बोटानं दाबला तर पांढरा होईना. नंदा विचारत होती, "काय शे? काय दिसस?" तिला आरशात नीट दिसत नव्हतं आणि मला तिला दाखवायचं नव्हतं.

"थोडं लाल शे."

सुभाषरावांनी कप खाली ठेवला. पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "तसंच का ताई? मांगल्या टाइमसारखं?"

मी नाही म्हणाले. मला माहीत नव्हतं.

पाय भिंतीला टेकवून ठेवला. नंदानं त्याच्याकडे पाठ केली. माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, गुडघाही जाईल. यंत्रानं हिरवं दाखवलं होतं. मग यंत्र चुकतं का? आणि यंत्र चुकत असेल, नंदाची कातडी बोलत नसेल, तर आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?

सकाळी डाग फिकट झाला होता, पण होता. मी फोन केला. हेतलबेन म्हणाल्या, पाय घालू नका, हातात घेऊन लगेच या.

प्रसाद

पुन्हा तीच खोली, तेच कठडे. हेतलबेननी डाग पाहिला, कपाळाला आठी घातली, कातडी फुटलेली नाही म्हणाल्या. थोडाच वेळ घालून बघू. पट्ट्या बसवल्या, डबी अडकवली, नंदाला बूट घातले.

हिरवा.

"फिर से चलो."

हिरवा. मागच्या बाजूला तर निळाच.

"बेन, इसमें तो कुछ नहीं है. घर पर गिर गए थे? ज्यादा चले?"

"गिरी नहीं. खाना बनाया, बस," मी म्हणाले. मला राग येत होता. "आपकी मशीन बराबर है?"

त्यांनाही राग आला असावा, पण त्यांनी पट्ट्या काढून दुसऱ्या बसवल्या. पुन्हा हिरवा. सुभाषराव एका पायावरून दुसऱ्या पायावर.

तेवढ्यात केंद्रातल्या एक वयस्क मावशी ताटलीत शिरा घेऊन आल्या. कुणाच्या घरी सत्यनारायण होता, त्याचा प्रसाद. त्या दारात उभ्या राहिल्या. हेतलबेननी मान हलवून हात पुढे केला. सुभाषरावांनी घेतला. नंदा कठड्याला धरून खाली टेकली, बूट काढले, बाजूला सरकवले, उठली, पदर डोक्यावर घेतला आणि ओंजळ करून प्रसाद घ्यायला मावशींकडे निघाली.

"अरे!" हेतलबेन म्हणाल्या.

टॅबवर मागच्या बाजूला लाल पसरला होता. बरोबर डागाच्या जागी. नंदा ओंजळ धरून उभी, आणि तो लाल गडद होत चाललेला.

"बेठी जाओ! नंदाबेन, बेठो, बेठो!"

नंदा घाबरून खुर्चीत बसली. प्रसाद हातात तसाच. हेतलबेन एकदा बुटांकडे बघत होत्या, एकदा नंदाच्या पायांकडे.

"घर में क्या पहनते हो?"

"घरमा?" नंदानं माझ्याकडे बघितलं. "घरमा काय घालतस? घरमा कोन काय घालस?"

मग हेतलबेननी बूट उचलून आम्हाला दाखवला. टाच जाड, पुढचा भाग पातळ. पाय या टाचेवर सरळ उभा राहील असा बसवला होता. बूट काढला की टाच खाली जाते, सगळा पाय मागे कलतो, गुडघा मागे ढकलला जातो आणि साच्याची मागची बाजू टोकाजवळ मांसात रुतते. चांगल्या पायाला घोटा असतो, तो सावरून घेतो. या पायाला तो नाही. "मैंने बोला था, रोज का पहन के आना!"

"आतेपाइन हाईच रोजना व्हतात ना," सुभाषराव पुटपुटले.

मी हसले, आणि हसताना माझे डोळे भरले. यंत्र खरं बोलत होतं. आम्ही त्याला दवाखान्यातली नंदा दाखवली होती, घरातली दाखवलीच नव्हती.

ओट्याशी

मला वाटलं, सुटलो. अनवाणी चालायला जुळेल असा पाय बसवा, संपलं. मी तसं म्हटलंही. हेतलबेननी मान हलवली. अनवाणी जुळवता येईल. पण डावा पाय? तोही तसाच बधिर. पुन्हा सुई, खडा, गरम थेंब, काहीही. "इनको नंगे पाँव चलना ही नहीं है. घर में भी नहीं. किचन में भी नहीं."

म्हणजे मऊ, सपाट, मागे पट्टा असलेली चप्पल, घरासाठी वेगळी, आणि तितक्याच जाडीची दुसरी बाहेरसाठी. पाय त्या जाडीवर बसवायचा. उठल्यापासून झोपेपर्यंत चप्पल.

नंदानं ऐकून घेतलं. रिक्षात म्हणाली, "मी नही घालाव."

"नंदा."

"चुल्हाजोडे चप्पल? देवनामोरे? तू घालस का तुना घरमा?"

"मले गरज नही."

"म्हंजे मन्हाच देव बाटाडाना."

आमच्या आईनं आयुष्यभर अंगणातली चप्पल उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. माझं स्वतःचं मन त्या खोलीत, त्या फळीसमोर चप्पल घालून उभं राहायला तयार झालं नसतं. हे बहिणीला करायला सांगणं आणि तिच्या गुडघ्याची भीती, या दोन्हींच्या मध्ये मी त्या रिक्षात बसले होते.

घरी आल्यावर सुभाषरावांनी देवाची फळी भिंतीवरून उतरवायला घेतली. वर, छताजवळ ठोकतो म्हणाले. नंदा ओरडली, "तठे मना हात कसा पोचाव? दिवा कोन लावाव, तुम्ही? तुम्हले पाळीवर जाणं शे!"

फळी होती तिथंच राहिली. सुभाषराव बाजारातून दोन जोड घेऊन आले, एक करडा, एक निळा. निळा जोड त्यांनी पिशवीतून काढला, त्याचे तळवे ओट्याशी साबणानं धुतले, कोरड्या फडक्यानं पुसले आणि तो नंदापुढे ठेवला. त्या दिवशी तिनं तो घातला नाही.

पायाची जुळणी दोन दिवसांनी पुन्हा झाली, निळ्या चपलेवर. तिथं तिनं मुकाट्यानं घातली. हिरवा. मग हेतलबेननी मुद्दाम तिला खाली बसवलं, उठवलं, खोट्या ओट्याशी उभं केलं, वाकवलं. हिरवा. डाग तोवर गेला होता. पक्क्या पायाची ऑर्डर गेली, तो बसवूनही झाला, आणि माझी रजा संपली.

निघण्याच्या सकाळी मी मुद्दाम लवकर उठून पडून राहिले. नंदानं पाय घातला. मग निळी चप्पल घातली. ओट्याशी गेली, गॅस पेटवला, फळीवरच्या दिव्यात तेल घातलं. हात जोडताना ती थोडा वेळ थांबली. मग दिवा लावला. तिनं काय ठरवलं होतं आणि देवाशी काय बोलली, हे मी विचारलं नाही.

अमळनेर

परत आल्यावर आमचं असं ठरलं की रोज संध्याकाळी पाय काढला की नंदा कातडीचा फोटो पाठवेल, मागच्या बाजूचा, रत्नाबाई काढून देतील. रोज येत होता. मुली जेवायला बसल्या की मी फोन बघायची. मोठा करून बघायची. भाजीत मीठ कमी आहे अशी तक्रार घेऊन मुली यायच्या आणि माझ्या हातात कुणाच्या तरी पोटरीचा फोटो.

संक्रांतीनंतर एक दिवस आला नाही. फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. सुभाषरावांना लावला, त्यांच्या मागे माग चालू होते, ते "काय? काय?" एवढंच ओरडत होते आणि मलाही त्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी उधन्याच्या गाड्या बघायला सुरुवात केली. जखम, ताप, जिना. कुणाला वसतिगृह सोपवायचं त्याची नावं कागदावर लिहिली.

मग तिचाच फोन आला.

"कथी व्हतीस?"

"अवो, मी हळदीकुंकूले गऊ. समोरनी गल्लीमा. तिसरा मजला."

हळदीकुंकू म्हणजे दाराबाहेर चपलांचा ढीग. "नंदा! चपला दारमा काढ्यात?"

"बाहेरनी काढी."

"आन मग?"

"मंग काय. घरनी पिशवीमा लई गऊ व्हतू. दारमा बसनू, बदली, आन आत गऊ. समद्या बाया देखाले लागन्यात. ती घरवाली म्हने, हाई काय वं, देव शे ना आठे."

"तू काय म्हनी?"

"मी म्हनं, बाई, मना पाय चप्पल बिगर उभा ऱ्हास नही. कुंकू पायले लावणं शे का कपायले?"

"मंग?"

"मंग काय, लावं कपायले. वाणमा प्लॅस्टिकना डबा दिधा. तिळगूळ मी खादा नही, आधीच सांगस. परत येताना एक बाई जिनावर मले म्हने, मनी सासूले बी साखर शे, तिनी पायले मुंग्या येतस, तिले अशी चप्पल कोठे मियाव? मी तिले दुकान सांगं."

मी खुर्चीत बसले. हातातल्या कागदावर तीन नावं लिहून झाली होती.

"फोटो पाठव," मी म्हटलं.

"अजून पाय काढेल नही. आतेच तर उनू."

"मंग काढ. मी थांबस."

तिनं फोन पलंगावर ठेवला असावा. मागांची खटखट ऐकू येत होती, मग पट्टा सुटल्याचा आवाज, मग रत्नाबाईंना मारलेली हाक. मी थांबून राहिले. फोटो आला, थोडा हललेला. मी तो मोठा केला, दिव्याखाली नेला, इकडून तिकडे सरकवून पाहिला. टोकाच्या थोडं वर फिकट गुलाबी होतं.

"नंदा, चहा ठेव," मी म्हटलं. "आन उकळना का दुसरा फोटो धाड."